आकारामची ओळख पटविण्याबाबत

कोरेगाव, जि. सातारा
ता. ४ डिसेंबर १९७२

रा. रा. आकाराम लेंगरे यांस,

तुमचे पत्र पोचले. ते तुमचेच आहे असे मी तूर्त गृहीत धरतो. अक्षर तुमच्या वाडीवरील कृष्णात मास्तरांचे आहे, कारण तुम्हाला लिहिता येत नाही. मास्तरांनी तुम्ही बोललात तसेच उतरवून काढलेले दिसते. 'आमी आलूया, तुमी बिगीनं या' अशी वाक्ये पोस्टाने पाठवू नयेत. मास्तर, हे तुम्हाला उद्देशून आहे, कारण हे पत्र वाचून दाखविणारेही तुम्हीच. वाचताना सारी वाडी देवळाच्या ओट्यावर ऐकत बसणार, याची मला कल्पना आहे. बसू द्यावी. एकांतात वाचण्यासारखे मी काही लिहीत नाही.

पत्रातील मजकूर मला समजला तो असा. युगांडातून आपल्या लोकांना हाकलून दिले, त्यांत तुम्हीही निघालात आणि बोटीने मुंबईस उतरलात. वाडीवर पोचल्यावर तुम्हाला कळले की तुम्ही मेलेले आहात. बारा वर्षे तुमची खबरबात नव्हती, म्हणून गेल्या वैशाखात तुमचे धाकटे बंधू कोंडीबा यांनी दर्भाचा पुतळा करून त्यास अग्नी दिला, दहावा घातला, आणि तुमच्या पत्नी अंजनाबाई यांच्या बांगड्या फोडण्यात आल्या. आता कोंडीबांचे म्हणणे असे की, हा कोणी परका आकारामचे सोंग घेऊन आला आहे. वाडीने तुम्हाला शेवटचे पाहिले ते सत्तेचाळीस साली, रजेवर आला होतात तेव्हा. बॉयलरच्या वाफेने तुमचे तोंड भाजले ते त्यानंतर. अंजनाबाई तुम्हाला ओळखतात. परंतु बायकोची साक्ष पंचांना चालत नाही. भाजण्याआधीचा चेहरा आणि भाजल्यानंतरचा चेहरा, दोन्ही ज्याने पाहिले आहेत अशा माणसाने बिरोबाच्या देवळात भंडारा हाती घेऊन 'हाच तो' एवढे म्हणावे, म्हणजे तुम्ही जिवंत. तोवर तुम्हाला घराचा उंबरा बंद, आणि निजायला मेंढरांचा वाडा.

असा माणूस मी एकटाच आहे, हे तुमचे म्हणणे बरोबर आहे.

तुम्ही लिहिता की मुंबईहून थेट वाडीला न जाता तुम्ही आधी माझ्या दारी आलात, आणि सूनबाईंनी मी घरात नसल्याचे सांगितले. त्यांनी सांगितले ते खरे होते. तुम्ही निरोप ठेवला नाहीत. निरोप ठेवण्याचा किंवा घेण्याचा तुमचा स्वभावच नाही, हे मला साठ सालापासून ठाऊक आहे.

त्या गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. आपण युगांडातील एका जिनात, म्हणजे सरकी काढण्याच्या कारखान्यात, एकत्र होतो. मी हिशेबनीस, तुम्ही बॉयलरवर. भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन खोल्यांत आपण पंचवीस वर्षे राहिलो. नाचणीची भाकरी तुम्ही थापायची, तुमच्या घरची पत्रे मी लिहायची, असा परिपाठ होता. मी नोकरी संपवून निघालो त्या दिवशी स्टेशनवर जिनातील झाडून सारे आले. ज्यांच्याशी माझे कधी पटले नाही ते दुकानदार आले. पहारेकरी बायकोला घेऊन आला. तुम्ही आला नाहीत. गाडी हलेपर्यंत मी डब्याच्या दारात उभा होतो. आत उकडत होते. पुढे गाडी जिनाच्या मागील अंगाने गेली, तेव्हा भोंगा वाजत होता. पाळी सुटण्यास अद्याप अवकाश होता. भोंगा तुमच्या ताब्यात असे. मी गेल्याबरोबर तेथे किती शिस्त उरली, ते मला डब्यातूनच ऐकू आले.

असो. तुम्ही तुम्हीच आहात याची माझी खात्री होण्यासाठी एक प्रश्न विचारतो. दवाखान्यात तुमच्या तोंडावरची पट्टी सोडली, तेव्हा तुम्ही मला काय विचारले, आणि मी काय उत्तर दिले? मास्तरांनी उत्तर सुचवू नये.

कळावे. लोभाविषयी तूर्त काही लिहीत नाही.

लालासाहेब


कोरेगाव
ता. ३० डिसेंबर १९७२

रा. रा. आकाराम लेंगरे यांस,

उत्तर मिळाले. मास्तरांनी याही खेपेस तुमचे बोलणे तसेच ठेवले आहे. मी ते येथे पुन्हा उतरवितो, म्हणजे पुढे वाद नको:

'मी इचारलं, लालासायब, कसा दिसतुया? तर तुमी म्हनला, आधी तरी कुठला दिसत होतास. मंग मी हसलू, तर समदं तोंड उललं. आन् तुमी भाईर व्हरांड्यात जाऊन रडला. ह्ये बी लिवा मास्तर. त्यास्नी वाटतंय मला ठावं न्हाई.'

प्रश्नापुरते उत्तर बरोबर आहे. शेवटची वाक्ये प्रश्नाच्या कक्षेबाहेरची असल्याने मी ती विचारात घेत नाही.

तेव्हा तुम्ही तेच आहात. माझी खात्री झाली. परंतु माझी खात्री होणे निराळे, आणि देवापुढे भंडारा उचलून साक्ष देणे निराळे. पंच मला विचारणार, 'हा आपल्या वाडीचा आकाराम का?' मी तुम्हाला प्रथम पाहिले ते युगांडात, पस्तीस साली. तेथे एका तरण्या माणसाने मला सांगितले, मी अमक्या वाडीचा, अमक्याचा मुलगा. मी ते मानले. तुमचा जन्म मी पाहिलेला नाही. तुमची वाडी मी आजवर पाहिलेली नाही. जे मी पाहिले नाही ते मी भंडारा उचलून कसे सांगावे? तुम्ही म्हणाल, एवढा काटेकोरपणा कशाला. मी जन्मभर असाच आहे, आणि तुम्ही त्याचा फायदाही घेतलेला आहे.

कोंडीबांनी पंचांपुढे माझे नाव घेतले, असे मास्तर लिहितात. त्यामुळे तीही हकीकत नीट सांगणे भाग आहे. गेल्या चैत्रात ते माझ्याकडे आले होते. घोंगडी पसरून ओसरीच्या कडेला बसले. म्हणाले, 'आवं लालासायब, तुमी पंचवीस वर्सं संगं ऱ्हायला. आमचा आकाराम हाय का गेला, येवढं सांगा. वैनी कुकू लावती, लोक हासत्यात.'

मी म्हणालो, 'मला ठाऊक नाही.'

हे उत्तर अक्षरशः खरे होते. तुमचे मला पत्र नव्हते. मी तेथून निघाल्यावर तुमची पत्रे लिहिणारा तेथे कोणी मराठी माणूस उरला नाही, याचा तर्क मला करता आला असता. परंतु तर्क म्हणजे माहिती नव्हे. तुम्ही जिवंत असाल असे मला वाटत होते. कोंडीबांनी मला काय वाटते ते विचारले नव्हते.

 ते म्हणाले, 'तुमालाच ठावं न्हाई, तर आता कुनाला इचारायचं.' घोंगडी झाडून उठले. चहा घेतला नाही. त्यानंतर महिन्याभरात त्यांनी पुतळा जाळला. माझ्या तीन शब्दांतून त्यांनी मरण काढले, तो दोष माझ्या शब्दांचा नाही.

आता मी वाडीवर येऊन 'हाच तो' म्हटले, की लोक म्हणणार, चैत्रात ह्याला ठाऊक नव्हते आणि पौषात ठाऊक झाले. मी उभ्या आयुष्यात केलेले विधान मागे घेतलेले नाही.

शिवाय प्रवास गैरसोयीचा आहे. पुसेगाव, दहिवडी, म्हसवड, अशा गाड्या बदलायच्या, आणि यंदा तुमच्या भागात प्यायला पाणी नाही असे ऐकतो. माझे गुडघे दुखतात.

कळावे.

लालासाहेब


कोरेगाव
ता. १८ फेब्रुवारी १९७३

रा. रा. आकाराम लेंगरे यांस,

परवा तुमच्या अंजनाबाई येथे येऊन गेल्या. तुम्ही पाठविले नव्हते असे त्या म्हणाल्या. माझा त्यावर विश्वास बसला, कारण तुम्ही कोणाला कोठे पाठविता असा माझा अनुभव नाही. जे बोलणे झाले ते मी तुम्हाला जसेच्या तसे कळवितो. मास्तरांची पद्धत मला पसंत नाही, पण येथे दुसरी चालणार नाही.

मी ओसरीवर वर्तमानपत्र वाचीत होतो. पायांवर पुसेगावपासूनची धूळ, कपाळ पांढरे, हात मोकळे, अशी एक बाई दारात उभी राहिली आणि म्हणाली, 'रामराम. मी आकारामची.'

मी विचारले, 'आकारामची कोण?'

'त्येच इचाराय आलीया,' त्या म्हणाल्या. 'बायकू का रांडाव, त्ये तुमी सांगायचं हाय म्हनं.'

मी त्यांना बसण्यास सांगितले. त्या बसल्या नाहीत. सूनबाईंनी पाणी आणले ते प्याल्या, आणि तांब्या परत देताना सूनबाईंकडे टक लावून म्हणाल्या, 'ह्याच का त्या, घरात न्हाईत म्हनाऱ्या?' सूनबाई आत गेल्या त्या पुन्हा बाहेर आल्या नाहीत.

मग त्या म्हणाल्या, 'त्येंनी दारात हाक मारली. बाईनी सांगिटलं, न्हाईत. आन् मागल्या परड्यातनं तुमचा खाकरा आला. पंचवीस वर्सं भितीपल्याडनं ऐकल्याला खाकरा. त्येंनी आयकला, पिशवी उचलली आन् मागारी फिरलं. मला आठ दिसांनी सांगिटलं. तवर म्हनत हुतं, लालासायब गावाला गेलं असतील.'

मी त्यांना समजावून सांगितले की परडे हे घराबाहेर असते, आणि 'घरात नाहीत' हे विधान त्या क्षणी यथार्थ होते.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. 'तुमी लय खरं बोलता,' म्हणाल्या. 'खरं बोलूनच मारता.'

आकाराम, तुमच्या पत्नीला बोलण्याची रीत नाही, पण त्यांना बोलता येते. आपल्या खोलीत तुम्ही त्यांच्याविषयी 'मुकी हाय बिचारी' असे म्हणत असा. तो तुमचा गैरसमज होता, किंवा माणूस बारा वर्षांत शिकते.

पुढे त्यांनी पत्रांचा विषय काढला. 'पयलं पत्र मास्तरानी वाचलं तवा समदी खूश झाली, म्हातारा ईल म्हनून. त्येवडं ह्येच गप. म्हनलं, काय झालं वं? तर म्हनत्यात, लालासायबानं मला "तुमी" लिवलंय. त्यो काय येत न्हाई आता.'

तुम्हाला मी बोलताना 'तू' म्हणत होतो, हे मान्य आहे. पत्रात बहुमान द्यावा असा शिष्टाचार आहे. त्यात इतके वाचण्याचे कारण नव्हते.

यानंतरचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. मी त्यांना म्हणालो, तुमच्या यजमानांनी मला निरोपही दिला नाही, आणि आता माझ्याकडून साक्ष मागतात.

'कसा दिला न्हाई? भोंगा दिला की.'

मी म्हणालो, 'कोणता भोंगा?'

'तुमच्या गाडीला. बदलीवाला बाबा दारू पिऊन पडला हुता. बॉयलर पेटल्याला. सोडून ठेसनाव आलं असतं तर वाफ चडली असती. एक डाव त्वांड भाजल्यालं मानूस, त्येला दुसऱ्यांदा सांगाय लागतं व्हय? मंग करायचं काय? गाडी झाडीतनं दिसली तशी दोरी वडली आन् गाडी दिसंनाशी हुईस्तवर सोडली न्हाई. सायबानं दंड घातला. घालू दे म्हनलं. म्हनत्यात, लालासायबानं आयकला आसंल, त्येला कान लय तिखट.'

 मी म्हणालो की भोंगा हे निरोप देण्याचे साधन नव्हे.

'मंग कशानं द्यायचा? त्यास्नी लिवाय येत न्हाई.'

मी वर्तमानपत्राची घडी घातली. 

त्यांनी जाताना सांगितले की पंचांनी होळीपर्यंतची मुदत दिली आहे. तोवर साक्षीदार आला नाही तर दुसरा मार्ग ठरला आहे: ज्याला अग्नी दिला तो परत येत नाही, तेव्हा या माणसाने वाडीत नव्याने जन्म घ्यायचा. घोंगडीत गुंडाळायचे, पाळण्याखालून काढायचे, आत्याने कानात नवे नाव सांगायचे, आणि मग अंजनाबाईंशी पुन्हा लग्न लावायचे. जमिनीतली वाटणी जाते, जुने नाव जाते, आणि जुन्या नावाची ओळखदेख मेली असे धरायचे. कोंडीबांना ते मान्य आहे, आणि का आहे हे मला समजते. तुम्हाला मान्य नाही असे अंजनाबाई म्हणाल्या.

'मी म्हनलं, घ्या की जल्म. वाटनी गेली तर गेली. मला बांगड्या भरू द्या. तर म्हनत्यात, न्हाई, आकाराम गेला तर लालासायबाला इकडं हायच कोन? त्यो येतुय. त्येला जरा टाईम लागतो.'

ही बाई तीन गाड्या बदलून आली होती. सूनबाईंनी वाटेसाठी भाकरी बांधून दिली, ती तिने घेतली नाही.

मी तुम्हाला येतो असेही लिहीत नाही आणि येत नाही असेही लिहीत नाही. विचार करून कळवितो.

लालासाहेब


कोरेगाव
ता. १० मार्च १९७३

रा. रा. आकाराम लेंगरे यांस,

मी येण्याचे ठरविले आहे. आज शनिवार, होळी पुढच्या रविवारी आहे, म्हणजे वेळ पुरेसा आहे. मात्र माझ्या म्हणण्याला पंचांची व तुमची मान्यता आधी लेखी हवी. मान्यता हाती आल्यावर मी निघेन, तत्पूर्वी नाही. आगाऊ जाऊन उभा राहिलेल्या माणसाला कोणी विचारीत नाही.

मी भंडारा उचलण्यापूर्वी कोंडीबांनी सर्वांसमक्ष म्हणावे की, गेल्या चैत्रात लालासाहेबांनी जे सांगितले ते बरोबर सांगितले, आणि पुतळा जाळला तो त्यांच्या सांगण्यावरून नव्हे.

त्यानंतर तुम्ही भंडारा हाती घेऊन म्हणावे की, साठ साली लालासाहेबांना मी निरोप दिला नाही, आणि बारा वर्षांच्या अबोल्याचे मूळ तेथे आहे. भोंग्याची गोष्ट काढू नये. ती चांगली गोष्ट आहे, पण ती माझ्या कानावर बारा वर्षांनी आली. ज्याचा निरोप त्याला पोचत नाही तो निरोप दिला असे म्हणता येत नाही.

हे झाले की मी साक्ष देईन. जन्म पाहिला नाही वगैरे जे मी मागे लिहिले, ते मी तेथे काढणार नाही. एवढी सवलत मी आजवर कोणाला दिलेली नाही.

बसायला खुर्ची ठेवावी. मला खाली बसून उठता येत नाही.

सूनबाई म्हणाल्या, 'मामंजी, अटी कसल्या घालता, गाडीत बसा आणि जा.' बायकांना कागदाचे महत्त्व कळत नाही.

तुमच्या तोंडाला उन्हाचा त्रास होत असेल. तेथे असताना लोणी लावीत होतो ते मिळत असल्यास लावावे.

उत्तराची वाट पाहतो.

लालासाहेब


कोरेगाव
ता. ५ एप्रिल १९७३

श्री. अर्जुना लेंगरे यांस,

आपला परिचय नसताना पत्र लिहीत आहे. कृष्णात मास्तर हे आपणास वाचून दाखवितील, व नेहमीप्रमाणे सगळे ऐकतील.

मागील पत्राचे उत्तर मला आले नाही. होळी झाली, रंगपंचमीही झाली. मी रोज पोस्टमनच्या वेळेस ओसरीवर बसत असे. सूनबाई रोज विचारीत, आणि मी रोज सांगत असे की टपाल उशिरा येते. शेवटी पाडव्याच्या आधी, उत्तर न येताच, मी निघालो.

वाडीवर उतरलो तो मास्तरच प्रथम भेटले. ते मला ओळखत नव्हते. अक्षरावरून ओळखतो म्हणाले आणि हसले नाहीत. माझे पत्र त्यांनी होळीच्या तीन दिवस आधी देवळात वाचले होते. कोंडीबा लगेच उठून म्हणाले, 'व्हय, लालासायबानं बरूबर सांगिटलं, माजीच चूक. घ्या. झालं?' त्यांनी अट पुरी केली. मग सगळे आपल्या आधीच्या त्या माणसाकडे, आकारामकडे, बघू लागले. तो बराच वेळ भंडाऱ्याच्या ताटाकडे पाहत होता. पंचांपैकी एक म्हातारे म्हणाले, 'म्हन की रं गड्या. चार शब्द हायती. म्हन आन् जित्ता हो.'

मास्तर सांगतात, तो म्हणाला, 'भोंगा म्या दिला. भंडारा हातात घिऊन न्हाई दिला म्हनू?'

म्हातारे म्हणाले, 'आरं, इतकं काय त्येच्यात?'

तो उठला, आणि ओट्याच्या कडेला बसलेल्या आपल्या आत्याजवळ, बनुबाईंजवळ, जाऊन म्हणाला, 'आत्ये, घाल मला जल्माला.'

बनुबाई ऐंशीच्या घरात आहेत. त्या म्हणाल्या, 'आरं मुडद्या, एवढ्या मोठ्या पोराला आता पेलंल व्हय मला?' लोक हसले. हसत हसतच पाळणा आणायला गेले, आणि अर्जुना हे नाव बनुबाईंनी कानात सांगितले.

मास्तरांनी त्या रात्री मला कळविण्यासाठी पत्र लिहायला घेतले होते. त्याने नको म्हटले. 'त्यो यायला लागला आसंल,' म्हणाला. मास्तर म्हणाले, 'मग थांबायचं का?' तर म्हणाला, 'न्हाई. माजं थांबून झालं.'

हे ऐकून मी मास्तरांस म्हणालो, मला त्याच्याकडे न्या. ते मला दुष्काळी कामावर घेऊन गेले. माळावर आपण खडी फोडीत होता. अंजनाबाई शेजारी पाटी भरीत होत्या. त्यांच्या दोन्ही हातांत हिरवा चुडा होता. त्यांनी मला पाहिले, पाटी उचलली, आणि दुसऱ्या टोकाला गेल्या.

मी आपल्यासमोर उभा राहिलो. आपण मान वर केलीत. उजवा डोळा अर्धा मिटलेला, ओठ त्या बाजूस ओढलेला. त्या ओठाच्या कडेवरून नाचणीची पेज गळू नये म्हणून सहा आठवडे मी एका माणसाला चमच्याने भरविले आहे. पण तो आपण नव्हता.

आपण म्हणालात, 'पाव्हणं, उनाचं उबं ऱ्हाऊ नगा. कंच्या गावचं?'

मी म्हणालो, 'कोरेगावचा. मला ओळखले नाहीस का?'

आपण कपाळावरचा घाम पुसलात. 'मी पंधरा दिसांचा हाय, पाव्हणं. पंधरा दिसांचं प्वार कुनाला वळखतंय?'

आसपासची माणसे हसली. आपण हसला नाहीत. घोंगडीखाली झाकून ठेवलेला तांब्या काढलात आणि मला पाणी दिलेत. तेथे टँकर दोन दिवसांआड येतो, हे मला मास्तरांनी वाटेत सांगितले होते. मी ते प्यालो. ते कोमट होते. मी तांब्या परत दिला, तो आपण दोन्ही हातांनी घेतलात, जसा परक्याच्या हातून घेतात.

मग मी, जे सांगायला आलो होतो, ते सांगितले. 'हाच तो,' असे मी तेथे चारचौघांत मोठ्याने म्हणालो. मुकादम जवळच उभा होता. त्याने विचारले, 'कोन त्यो?' मी त्याला नाव सांगितले. तो म्हणाला, 'त्यो न्हवं मेला?' आणि कामावरच्या बायकांना गप्पा थांबवायला सांगून पुढे गेला.

आपण एक दगड पायाखाली धरलात आणि फोडलात.

मी थोडा वेळ थांबलो. आपण पुन्हा वर पाहिले नाहीत. मी खाकरलो. दोनदा. आपला हातोडा चालत राहिला. त्यानंतर मास्तर मला म्हसवडच्या गाडीपर्यंत पोचवून गेले.

आपल्याकडून मला काही नको. आपण सांगितले ते बरोबर सांगितलेत, आणि रीतीस धरून सांगितलेत. मी आपल्या जागी असतो तरी तेच विधान केले असते. आपणास आपल्या नव्या जन्मात सुख लाभो असे लिहिण्याची पद्धत आहे, तेवढे लिहितो.

आकाराम लेंगरे या इसमाचे माझे नाते नव्हते. आमची जात एक नव्हती, भावकी एक नव्हती. त्याच्या मरणाचे मला सुतक नाही, अंघोळही नाही. हे मी घरी पोचण्याच्या आधी गाडीतच मनाशी नीट तपासून पाहिले.

दारात पाऊल ठेवण्याआधी मी सूनबाईंना हाक मारून पाणी तापवायला सांगितले. आमच्याही विहिरीने तळ गाठला आहे, त्यामुळे त्यांनी एकच बादली दिली. मी न्हाणीत बसून अंगावरच्या कपड्यांसकट ती डोक्यावरून ओतून घेतली. सूनबाई बाहेर कोरडे धोतर घेऊन उभ्या होत्या. त्यांनी विचारले, 'मामंजी, कोण गेलं?'

मी म्हणालो, 'ओळखीचं कोणी नाही.'

लालासाहेब